टॅबमधल्या शेताचा वाफसा

आई गेली तेव्हा मी रडले नाही. दहावं-तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि ऐन थंडीत पाऊस लागला. कांदेवाले, द्राक्षवाले आभाळाला शिव्या घालत होते. मला त्याचंही काही वाटत नव्हतं. गावी, बेलापूरच्या घरात, पडवीतल्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन मी टॅबवर गेम खेळत बसायचे. एवढी घोडी झाले तरी!

गेम साधा होता. नदीकाठचं एक गाव, तिथं हिरव्या टोपीची एक पोरगी, आणि ती पोरगी म्हणजे आपण. सकाळी उठायचं, गाजरं लावायची, मासे धरायचे, शेजारणीला पाव भाजून न्यायचा. शेजारीण खूश झाली की आपण एक पायरी वर. मारामारी नाही, घाई नाही, कुणी मरत नाही. पाऊस तिथंही पडतो, पण त्यानं कुणाचं वाटोळं होत नाही. म्हणून तर खेळत होते.

समोर भिंतीला टेकून आण्णा बसलेले असायचे, माझे वडील. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं बंद. ताट पुढं ठेवलं तर दोन घास, नाही ठेवलं तर तेही नाही. "आण्णा, चहा टाकू?" म्हटलं की मान हलायची, ती हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे. कोपरगावची आत्या फोनवर रोज एकच सांगायची. "त्याला नगरला घेऊन जा बाई. एकटा ठिवलास तर हातचा जाईल."

सोमवारी माझी रजा संपत होती. नगरचा माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला तिथल्या बाल्कनीत बसवायचं आणि आपण ऑफिसला जायचं. विचारानंच रडू यायला हवं होतं. नाही आलं. त्यांचे कपडे काढून मी बॅग भरायला घेतली.

एका दुपारी गेममधला पाऊस उघडला. मी पोरीला शेतावर नेलं, बियाण्याची पिशवी तिच्या हातात दिली, आणि मागून आवाज आला.

"थांब. माती जरा सुकून वाफसा तरी हू दे."

मी दचकलेच. आण्णा खाटेमागं उभे होते.

"चिखलात बी टाकती व्हय? कुजंल की समदं."

इतके दिवस मी जीव तोडून बोलतेय, आणि तोंड उघडलं ते ह्या चित्रातल्या पोरीसाठी! राग आला मला, खरंच आला. "आण्णा, हा गेम आहे. इथं वाफसा-बिफसा काही नसतं," म्हणाले आणि टाकलं बी. गेममधला दुसरा दिवस उजाडला आणि शेतभर कोंब वर आले. आण्णांनी ते बघितलं.

"खोटं हाय समदं," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून निजले. जेवायलाही उठले नाहीत. काय मिळवलंस गं, मी स्वतःलाच म्हटलं.

सकाळी मी सगळी गाजरं उपटून टाकली आणि शेत मोकळं करून बसले. मग त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इथला पाऊस उघडलाय. काय करावं बरं?"

आण्णा भिंतीकडून माझ्या बाजूला वळले. मग, "झाला का वाफसा?"

"न्हाई अजून."

"मग थांब."

त्यानंतर तेच सुरू झालं. पोरगी मासे धरायची, पाव भाजायची, शेत पडीक. पायरी काही वाढेना. आण्णा मध्येच चष्मा लावून डोकावायचे.

"झाला?"

"न्हाई."

"काळी जमीन हाय का?"

"लई काळी."

"मग येळ लागंल," म्हणायचे, आणि तिथंच खाटेच्या कडेला टेकायचे. बोलता बोलता समोरची भाकरी संपवायचे. मी बिनदिक्कत खोटं बोलत होते. वाफसा झाला म्हटलं असतं तर त्यांना विचारायला काय उरलं असतं? गेममधला आख्खा हंगाम मी असा वाया घालवला.

रविवारी खरं ऊन पडलं. आण्णा पडवीत दिसेनात म्हणून मी मागं परसात गेले. आजारी पडायच्या आधी आईनं लसणासाठी तिथं वाफा खणून ठेवला होता. त्याच्याच कडेला बसलेल्या आण्णांनी मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि खाली सोडला. गोळा फुटला.

"झाला," म्हणाले. "लसूण आण घरातनं."

"आता? उशीर झाला की. आणि उद्या आपल्याला जायचंय."

"तू जा. मला लसूण राखायचा हाय."

मी गड्डे फोडून पाकळ्या सुपात घेऊन आले. आण्णा वाकून खुरप्यानं रेघ ओढत पुढं निघाले. त्यांनी रेघ ओढायची आणि मागून पाकळ्या लावत यायचं, हे लग्न झाल्यापासून आईचं काम.

"लाव गं," ते मागं न बघता म्हणाले. "अन् अंतर सोड जरा. दरसाली दाट करती तू."

मी सूप घेऊन उभीच राहिले. मी जन्मात कधी लसूण लावला नव्हता.

मागून काहीच हालचाल नाही म्हणून आण्णा वळले. माझ्याकडं बघत राहिले.

"तू व्हय," म्हणाले.

इतके दिवस जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. सुपात तोंड घालून मी हुंदके देत रडले. "व्हय आण्णा. मीच हाय."

माझं रडणं थोडं ओसरेपर्यंत आण्णा तसेच थांबले. मग पाठ फिरवून पुन्हा वाकले आणि पुढची रेघ ओढायला लागले.

"मग तू लाव," म्हणाले. "दाट झाला तरी चालंल."