वैनगंगेची चोळी-बांगडी

खैरलांजीच्या बाजूला वैनगंगेकाठी मैनाबाई कोणाला ठाऊक नाही? वारासिवनीच्या बसवाल्यानं एकदा तिनं हात दाखवूनही गाडी थांबवली नाही, तर दुसऱ्या दिवशी बाई लाखोळीच्या डाळीचं गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवून त्यावर बसली. बस थांबली, अन् तेव्हापासून रोजच थांबते.

तर या मैनाबाईची दुभती म्हैस मागच्या साली घाटावरची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, खाऊन मेली. डॉक्टरनं पोट उघडलं, तर टोपलंभर पन्न्या निघाल्या. तेव्हापासून तो घाट बाईच्या डोळ्यांत सलत होता. अशात बालाघाटहून एका संस्थेची समीक्षा नावाची पोरगी आली. तिनं सांगितलं, इथली पन्नी वैनगंगेतून गोदावरीत अन् तिथून थेट समुद्रात जाते, कासवं ती गिळतात अन् मरतात. म्हणून काठच्या बायांनी घाट साफ करावा, संस्था रोजी देईल. पण रविवारी अकरापर्यंत वीस जणी खाली उतरल्या पाहिजेत, नाहीतर काम पुढच्या गावाला.

"वीस? चाळीस आणतो," मैनाबाई म्हणाली.

शेजारच्या चंपाबाईला हसू आवरेना. "कासव समुद्राचं, पोट त्याचं दुखते, अन् रोजी आपल्याले? समुद्र पाह्यला काहो कोनं?"

"माह्या म्हशीनं कुठी पाह्यलता?"

रविवार उजाडला. बाया आल्या, चाळिसाच्या वर आल्या, पण साऱ्या वरच्या पायरीवरच उभ्या. खाली एकही उतरेना. समीक्षा हिंदीत समजावत होती, बाया "हौ, हौ" म्हणत होत्या अन् पाय काही हलत नव्हता. साडेदहा वाजले. आज काम गेलं, तर या घाटाला पुन्हा कोणी हात लावणार नव्हतं.

"काहून थांबल्या वो?" मैनाबाईनं विचारलं.

साऱ्यांत वडील गोदाबाई. ती पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थे पाह्य. फुलं, चुनऱ्या, सारं पूजेचं आहे. गंगामायले देल्लं परत काढाचं नाही. अन् वरून मजुरी घ्याची? मायचं अंग धुवाची मजुरी?"

मैनाबाईनं लुगडं खोचलं अन् गुडघाभर पाण्यात शिरली. फुलांची एक पन्नी उचलली, गाठ सोडली, फुलं पाण्यात सोडून दिली. रिकामी पन्नी हातात धरून म्हणाली, "गोदामाय, तू मायले फूल देल्लं का पन्नी देल्ली?"

"फूलच देल्लं."

"मंग हे पन्नी तुहीच राह्यली. मायचं लेणं नाही काढत आपण, तिच्या केसातला गुंता काढतो."

"अन् पैसे?"

"दिवाळीले मायच्या घरी जात होती तू. तिचं डोक्सं धुत होती, भांडे घासत होती. निंगताना माय चोळी-बांगडी देत होती ना? त्याले कधी मजुरी म्हटलं?"

गोदाबाईनं चपला काढल्या, काठी चंपाबाईच्या हाती दिली अन् पायऱ्या उतरू लागली. तिच्या मागून मायच्या साऱ्या लेकी धडाधड पाण्यात. अकराला पाच मिनिटं कमी होती. चुनऱ्या मायच्याच काठी पिंपळाखाली घडी करून ठेवल्या, फुलं नदीला दिली, अन् पन्न्यांनी ट्रॅक्टर दोनदा भरला. दुपारी त्या घाटाची मूळ काळी फरशी दिसली, जी नव्या सुनांनी कधी पाहिलीच नव्हती.

समीक्षा हाक मारू लागली, "दीदी, मजदूरी ले लो."

"मजुरी नाही वो पोरी," चंपाबाई ओल्या हातांनीच पुढे झाली, "चोळी-बांगडी म्हण."

तेवढ्यात पल्याडच्या काठावरून बायांचा आवाज आला, "काहो, माय का एकट्या तुमचीच आहे?"

मैनाबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले अन् ओरडली, "पुढच्या ऐतवारी डोंग्यात बसून अल्याड या. मायले लेकी कधी जास्त होत नाही."