खालची रेघ

कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर हंबीरराव मोहित्यांनी बडोद्यातल्या मराठा घरांतली लग्नं जुळवायचं काम हौसेनं अंगावर घेतलं. दोन हजार एक साली त्यांनी ईमेल काढला. नाव-आडनाव सलग लिहिलेला पत्ता कुणीतरी आधीच घेतला होता, म्हणून सायबर कॅफेवाल्या हार्दिकनं मध्ये अंडरस्कोर, म्हणजे खालची रेघ, टाकला. हंबीररावांनी ऐटीत कार्डं छापून घेतली. छापखानेवाल्यानं शोभेसाठी अख्ख्या पत्त्याखाली रेघ ओढली आणि अंडरस्कोर तिच्यात बुडाला.

पेटीत एकही मेल येईना. फोन मात्र थांबेनात.

"मुलीचा बायोडाटा पाठवून महिना झाला, तुम्ही ढिम्म!" जवळच्या पादरा गावचे धनाजीराव तणतणले.

"मध्ये खालची रेघ घातलीत का?"

"अहो, रेघ सगळ्याच नावाखाली आहे की!"

तेव्हा कुठे घोळ कळला. मग प्रत्येकाला फोन. कुणी डॅश घातला, कुणी जागा सोडली, एका मावशींनी तर 'अंडरस्कोर' हा शब्दच अक्षरं लावून लिहिला. हंबीररावांचा घसा बसला.

"पोस्टमन अर्ध्या पत्त्यावरूनही घर शोधायचा रे!" ते हार्दिकवर खेकसले.

"काका, आ मशीन छे, पोस्टमन नथी."

एका दुपारी फोन वाजला. "मी हंबीरराव मोहिते बोलतोय."

"कोण थट्टा करतंय? हंबीरराव मोहिते मी आहे!"

"मीही आहे, इंदूरचा. तुमच्या बडोद्याच्या मुलींचे फोटो रोज माझ्याकडे येतात. बायको माझ्याकडे संशयानं बघायला लागलीय. शेवटी एका बायोडाटावर धनाजीरावांचा नंबर दिसला, त्यांच्याकडून तुमचा घेतला."

हंबीररावांनी कपाळाला हात लावला. "माफ करा. सगळे मला पाठवून द्या."

"पाठवतो. पण धनाजीरावांची शलाका आमच्या समरजितला पसंत पडलीय. त्यांना विचाराल का?"

वैशाखात पादऱ्यात लग्न लागलं. धनाजीरावांनी भर मांडवात हंबीररावांना फेटा बांधला. एरवी ते फुलून गेले असते. आज मनातल्या मनात धुसफुसत राहिले. इतकी वर्षं चपला झिजवून जे स्थळ सापडलं नसतं, ते चुकलेल्या पत्त्यानं जुळवलं होतं.

जेवणाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आमचीही मुलगी आहे. आपला ईमेल काय?"

"घरी या," हंबीरराव जिलबी मोडत म्हणाले. "बडोद्यात हरणीला उतरा आणि कुणालाही विचारा."