एकदाच विचारणारे सॉलोमनकाका

सीबीडी बेलापूर येथील आमच्या सोसायटीचे सर्व रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि जिन्यात झोपणारे मांजर यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मनुष्याच्या आत्म्याचे तारण देवाच्या मर्जीने होते की मनुष्याच्या, हा जगभरच्या पंडितांना न सुटलेला प्रश्न तिसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, रोज संध्याकाळी जेवणासोबत वाढला जात असे. निकाल कधीच लागला नाही. भाजी मात्र रोज गार होत असे.

वादी-प्रतिवादी दोघंच. सॉलोमनकाका गायकवाड, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी मार्थाकाकू. दोघंही मूळचे नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. मी शेजारची देशपांडे. गणपतीत सोसायटीची नाटकं बसवते, त्यामुळे भिंतीला कान लावणं हा माझ्या कलेचा भाग आहे असं मी समजते.

काकांची पहिली ओळख मला उपाशीपोटी झाली. त्यांच्याकडे नाताळचं जेवण होतं. काका मटणाचं पातेलं घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, घेणार?" मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. आपल्याकडे पहिल्या 'नको'चा अर्थ 'विचारत राहा' असा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काका मान डोलावून पुढच्या पानाकडे गेले. ते परत आलेच नाहीत. मी वरणभात जेवून घरी आले आणि दार लावून पोहे केले.

काकूंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. "आवो, परत इचारा की त्यांना."

"ताई नाही म्हणाल्या. माणसाच्या नाहीला मान द्यावा, मार्था. देवसुद्धा देतो."

हेच काकांचं सगळं धर्मशास्त्र. देव दार उघडून उभा असतो, आत यायचं की नाही हे माणसानं ठरवायचं. ओढून आत नेलं तर ते प्रेम कसलं, ती अटक झाली. काकूंचे वडील पाळक होते, चर्चचे धर्मगुरू. त्यामुळे काकूंची बाजू भक्कम होती. जग घडवायच्या आधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवली आहेत, माणूस 'हो' म्हणतो तेसुद्धा देवानं म्हणवलं म्हणून, असं त्या सांगत.

"या घराच्या सोडतीत एवढ्या लोकांतून आपलंच नाव निघालं, ते काय तुमच्या सुंदर अक्षरामुळं?" काकू विचारत.

"अर्ज भरल्याशिवाय कुणाचं नाव निघालंय का?"

"अन् भरायची बुद्धी कुणी दिली?"

इथे काका पाणी प्यायचे. मी भिंतीअलीकडून काकूंना मनातल्या मनात टाळ्या द्यायची.

त्यांना एकच मुलगा, अमोल. ऐरोलीला कंपनीत होता, हसरा, जिन्यात भेटला की हातातली पिशवी काढून घेणारा. तो वयात आल्यावर, मंडळीच्या म्हणजे त्यांच्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे, काकांनी त्याला विचारलं होतं, "प्रभूचा स्वीकार करतोस?" अमोल म्हणाला, "नाही, पप्पा. मला आतून काही वाटत नाही." काका "बरं" म्हणाले. त्या रविवारपासून दोघंच उपासनेला जाऊ लागले. काकू कुढायच्या. "परत इचारा." काका म्हणायचे, "त्याला उत्तर ठाऊक आहे, आपला पत्ताही ठाऊक आहे."

मग तिशीतच अमोलला रक्ताचा कर्करोग निघाला.

दुपारचा डबा घेऊन मी हॉस्पिटलात जायची. तो पलंगावर इतका हलका दिसायचा की चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. डॉक्टरांनी आता फार थोडे दिवस आहेत असं सांगितलं, त्या दुपारी मी तिथेच होते. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच त्यांनी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"अमोल, प्रभूचा स्वीकार करतोस?"

अमोलनं मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाला, "तुमच्यासाठी म्हणू का हो? म्हणतो, पप्पा. तुमचं टेन्शन जाईल."

काकांचे ओठ हलले. एक शब्द हवा होता त्यांना, आणि तो समोर ताटात वाढून ठेवलेला होता. माझ्यासारखीनं दोन्ही हातांनी उचलला असता.

"माझ्यासाठी नको," काका म्हणाले. "खोटं नको."

"मग नाही, पप्पा."

"बरं," काका म्हणाले आणि मोसंबं सोलायला बसले. एक एक फोड साफ करून त्याच्या तोंडात देत राहिले.

पुढच्याच आठवड्यात अमोल गेला.

त्यांच्या मंडळीची उपासना नेरुळला एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये असते. तिथे स्मरणसभा झाली. अशा वेळी घरच्या माणसानं साक्ष द्यायची असते, म्हणजे गेलेल्यानं प्रभूला कधी आणि कसं स्वीकारलं ते उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी मोघम चार शब्द चालतील असं काकांना आधीच सुचवलं होतं.

काका उठले. "अमोलनं प्रभूचा स्वीकार केला नव्हता," ते म्हणाले. "मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. आता मी प्रभूला विचारतोय, तू त्याचा स्वीकार केलास का?"

एवढं बोलून ते खाली बसले. पेटीवाल्याला पुढचं गीत सुरू करायचं सुचेना.

त्यानंतर भिंतीपलीकडे जे सुरू झालं, तसं नाटक मी कधी बसवलं नाही आणि बसवणारही नाही. दोघांनी भूमिका बदलल्या होत्या. काका म्हणायचे, माणसाच्या हो-नाहीला काय किंमत आहे, देवानं आधीच निवडलं असेल आपल्या अमोलला, त्याला न विचारता. आणि काकू, ज्यांनी जन्मभर देवाच्या निवडीची बाजू लढवली, त्या म्हणायच्या, "न इचारता कसं? पोरानं सोताच सांगितलं. शेवटी माझा हात दाबला त्यानं. तो हो होता."

"मार्था, अशा वेळी बोटं आपोआप हलतात."

"माझ्या पोराची बोटं मला कळत्यात."

एकमेकांचे संवाद इतकी वर्षं ऐकून दोघांना तोंडपाठ होते, त्यामुळे कुणी अडखळत नव्हतं. पण काकांना मुलगा देवानं निवडलेला हवा होता, कारण त्यानं स्वतः निवडलं नाही हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं. काकूंना तो स्वतः हो म्हणालेला हवा होता, कारण देवानं त्याला वगळलं असेल, ही शक्यता त्यांच्याच जुन्या बाजूत बसत होती. मी भिंतीजवळ भांडी घासणं सोडून दिलं.

एका संध्याकाळी काका वाटीभर खीर घेऊन आले. मी म्हटलं, "नको काका, आत्ताच जेवले." खरंच जेवले होते. काकांनी माझ्या हातात वाटी दिली, वर चमचा दिला आणि दारातच उभे राहिले.

"घ्या. नको म्हणता म्हणजे काय?"

"काका, तुम्ही आणि आग्रह?" मला जुनी खोडी सुचली. "आता देवही आग्रह करतो का?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी 'बरं' म्हणून मोसंबं सोलत बसलो, ताई. मी हटलो. त्याच्याजवळून देव हटला नसेल, एवढंच धरून बसलोय." मग वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "थोडी तरी खा."

मी उभ्या उभ्या सगळी खीर संपवली. ते वाटी घेऊन गेले.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून खुर्चीत टेकलेले काका उठलेच नाहीत. काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं.

दफनाला आम्ही सगळी सोसायटी गेलो होतो. अमोलच्या शेजारीच जागा मिळाली होती. काकू ताठ उभ्या होत्या, त्यांचा हात माझ्या हातात होता आणि त्यांनी माझा हात एकदाही दाबला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मूठभर माती टाकली आणि अशा प्रसंगी म्हणतात तसं शांत आवाजात म्हणाले, "प्रभूने आपल्या या दासाला आपल्या वेळी बोलावून घेतले."

काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बोलावलं कशाला असंल? हे आपले आपणच गेलेत, अमोलला आत घेतलाय का नाही ते बघायला."