फुलपाखरांच्या बागेतली फवारणी

कॉलेजात शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आज निपाणीजवळच्या आमच्या कॉलेजात फुलपाखरू उद्यानाचं उद्घाटन झालं.

फुलपाखरांनी अंडी घालावीत म्हणून मुलांनी वर्षभर खपून रुई आणि कढीपत्ता वाढवला होता. पानापानावर अळ्या आल्या होत्या.

सकाळी संस्थेचे अध्यक्ष आप्पा खुशीत भेटले. "मॅडम, किडं पानं खायला लागल्यात. पाहुण्यांम्होरं शोभतंय व्हय? तंबाखूवरचं औषध मारून घेतलं."

माझी विद्यार्थिनी मेलेल्या अळ्या ओंजळीत घेऊन आली. "आप्पा, ह्यांचीच फुलपाखरं होणार होती."

"हात धू जा गं. पाहुण्यांना हार तूच घालायचायस."

तिनं हात धुतले आणि हार घातला.

पाहुण्यांनी विचारलं, "फुलपाखरं कुठं आहेत?"

"येतील की सर," आप्पा म्हणाले, "आता एक किडा ठेवला न्हाय."

टाळ्या पडल्या. तुम्ही असता तर वाजवल्या असत्या?