सेथच्या वजनाचं पोतं

"साठ मैल ऱ्हायल्यात, ईनक. नुस्तं साठ! कर की सही."

"धा हजार म्हंजी धा हजार, हेस्टरबाई."

"एकतीस गाड्या चाकाच्या दांड्यावाचून उभ्या हायत्या. मानसं मला फोनवर फाडून खात्यात."

"खाऊ देत. तुझ्या अंगावर मांस बी बरंच हाय."

जुन्या मोटारींच्या मंडळाची चिटणीस ती. चहा तसाच टाकून तरातरा निघून गेली.

ईनक थ्वेट आमच्या यॉर्कशरच्या डोंगरातला, मेंढपाळाचा पोरगा, वय एकाहत्तर. शंभर वर्षांच्या गाड्यांचे भाग आता मिळत नाहीत. कुणी नवे घडवले, की ईनक ते आपल्या सत्तावीस सालच्या गाडीत घालून खिंडीतनं दहा हजार मैल पळवायचा. मोडलंच तर आपल्या बुडाखाली मोडावं, लोकांच्या नको, हा हिशोब.

शेजारच्या सीटवर पूर्वी त्याचा दोस्त सेथ मेटकाफ बसायचा. सहा वर्षांमागं मागच्या चाकाचा असाच एक दांडा ईनकनं शंभर मैल आधीच पास केला. "शंभरानं काय हुतंय," म्हणाला. तोच दांडा सेथनं स्वतःच्या गाडीत घातला. पांढऱ्या फाटकाच्या वळणावर दांडा तुटला, चाक निखळलं आणि सेथ गेला. गाडी जोरात होती, असं पोलिसांनी लिहिलं. ते शंभर मैल ईनकनं कुणालाच सांगितले नाहीत.

तेव्हापासून त्या सीटवर वाळूचं पोतं असतं, बरोबर सेथच्या वजनाचं, चामडी पट्ट्यानं आवळलेलं.

गुरुवारी धुक्यात फाटक ओलांडलं आणि ईनकनं बघितलं, तर पट्टा सुटलेला. शुक्रवारीही तेच. बक्कल झिजलं असेल म्हणून त्यानं नवं घातलं. आज हेस्टर गेल्यावर त्यानं पट्ट्यावर दोरीची गाठही मारली आणि उरलेले साठ मैल उरकायला निघाला.

फाटकापाशी रस्ता डावीकडं वळतो. पोतं अशा वेळी वळणाच्या बाहेर, ईनकच्या अंगावर कलंडायचं. आज ते आत झुकलं. ओळखीच्या वळणावर माणूस झुकतो, तसं. गाठ सुटून दोरी पायात पडली होती.

सेथला बांधलेलं कधी खपलं नाही. लग्नातला टाय त्यानं चर्चच्या दारातच उपसून खिशात कोंबला होता.

ईनकनं गाडी थांबवली. "काय म्हनायचंय ते तोंडानं म्हन की, गाढवा," तो पोत्याला म्हणाला. धुक्यात कुठंतरी एक मेंढी खोकली.

तो बैलाच्या चालीनं घरी आला आणि दांडा उपसला. तेलात बुडवला, कोरडा पुसला, वरून खडूची पूड फासली आणि स्टुलावर बसून राहिला. तासाभरानं पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, केसाएवढी. चिरेतलं तेल वर येत होतं.

त्यानं फोन लावला. "सगळे दांडे भंगारात घाल, हेस्टर. आन सेथच्या बायकोला मी उद्या भेटतो. सहा वर्सं उशीर झालाय."

महिन्यानं दुसऱ्या पोलादाचा दांडा आला. हेस्टर स्वतः घेऊन आली, तोंड फुगवूनच. ईनकनं तो बसवला, वहीत मैलांपुढं शून्य लिहिलं आणि पोतं उचलून सीटवर ठेवलं.

"पट्टा ऱ्हायला की रं!"

"ऱ्हाऊ दे. त्येला आवडत न्हाई."

त्यानं हँडल मारलं. गाडी खोकत सुरू झाली आणि खिंडीकडं लागली.