निवडणं आणि जाळणं

रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. सातवीच्या वर्गात मी दर वर्षी रेशमाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून दाखवते. पोरं नाक दाबून ‘ईऽऽ मॅडम’ करतात आणि मी फळ्यावर लिहिते: रासायनिक बदल, माघारी फिरत नाही. म्हणून त्या शनिवारी शाळा सुटल्यावर पुंडलिकनगरात दादाच्या फाटकाशी स्कूटी लावली, तेव्हा मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. एवढा वास एका धाग्याचा नसतो.

अंगणात दादा, वहिनी आणि एक जरवाला होते. हे लोक अजूनही आमच्या गल्ल्यांतून ‘जुनी जर, फाटका शालूऽऽ’ असं ओरडत फिरतात. अस्सल जरीत चांदीची तार असते, ती ते काढून घेतात. मधोमध लोखंडी घमेलं होतं आणि जरवाला त्यात तांब्यानं पाणी ओतत होता. नळाला पाणी कधी येईल याची अख्खं शहर वाट बघतं, आणि इथं ते राख धुवायला चाललं होतं. काळा ओघळ नालीकडं वाहत होता. तळाशी तारांचा गुंता उरला होता, भांडी घासायच्या घासणीसारखा.

ती माझ्या आईची पैठणी होती.

वैजापूरच्या आजोबांनी कापूस विकून लेकीच्या लग्नात घेतलेली. वडील गेल्यावर आईनं ती नेसली नाही. नेसू दिली नाही म्हणा. पण दर दिवाळीआधी ती ट्रंकेतून काढायची, पंख्याखाली पसरायची आणि जुनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, कारण त्याच त्या घडीवर रेशीम विरतं. तरी विरलीच. गेल्या संक्रांतीला बाहेरच्या खोलीत हळदीकुंकू चाललेलं आणि आई आत पलंगावर एकटी. बायका गेल्यावर तिनं आम्हा तिघांना आत बोलावलं.

“मी गेले म्हंजे मला ह्येच नेसवा. पांढरं नगं.”

वहिनी गडबडली. “अहो आई, असं कुठं असतं का? सवाष्णीलाच नेसवतात तसलं.”

“मेला तो नवरा,” आई म्हणाली. “मी नाय मेले.”

दादा हसून ‘बरं बरं’ म्हणाला होता. आणि आता तोच घमेल्याशी उकिडवा बसून काडीनं तारा हलवत होता.

“कोणी सांगितलं जाळायला?” मी ओरडलेच.

जरवाल्यानं हात झटकले. “मैं तो काठ काटके देव बोला था मॅडम. भाई बोले, जलाके दिखाव, असल है के नकल.”

दादाचा जन्म कंपनीच्या तपासणी खात्यात गेला. बाजारातून पेरू आणला तरी आधी तो ठोकून बघतो. आईच्या पैठणीचीही त्यानं तपासणी केली.

“अगं, चिंध्या झाल्या होत्या,” तो म्हणाला. “चांदी तेवढी वेगळी केली. तूच शिकवतेस ना, मिश्रणातले घटक वेगळे करा म्हणून?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हो, शिकवते! मीठ आणि वाळू पाण्यात टाकून गाळली, पाणी आटवलं, की वाळूही मिळते आणि मीठही. लोहकीस चुंबकानं ओढून घेतला की मागं गंधक जसंच्या तसं राहतं. आपल्या भाषेत या एका कामाला किती शब्द आहेत: निवडणं, पाखडणं, चाळणं, गाळणं, निवळणं. पाखडताना निघालेला कोंडासुद्धा म्हशीच्या पुढ्यात जातो. तांदळातले खडे काढायला कोणी तांदूळ पेटवत नाही. कात्रीनं काठ कापले असते, पदर उसवला असता, तरी मधलं रेशीम रेशीमच राहिलं असतं. विरलेलं का होईना, आईच्या अंगावर घालण्याजोगं. हे सगळं मी अंगणात उभं राहून, शेजारच्या गच्चीवरची माणसं ऐकतील एवढ्या आवाजात सांगितलं.

वहिनी शांतपणे म्हणाली, “अहो वन्सं, तशीही ती जळणारच होती ना!”

एक कानाखाली वाजवावीशी वाटली. वयानं मोठी म्हणून वाजवली नाही, एवढंच. आणि सगळ्यात जास्त संताप याचा आला की माझ्या विषयाकडं तिला द्यायला उत्तर नव्हतं. चितेवर जळो की घमेल्यात, रेशमाची राखच होते, वासही तोच येतो. पुस्तकाला फरक कळत नाही. मला कळत होता. चांदी हे नुसतं निमित्त होतं. भावकीसमोर विधवेच्या अंगावर पैठणी दिसली तर लोक काय म्हणतील, या भीतीनं या दोघांनी पैठणीच संपवून टाकली. वस्तूच नाही, तर नेसवायचं काय? जिवंतपणी नेसू दिली नाही, आता मेल्यावरही नाही.

माझ्या आरडाओरड्यानं आई दुपारच्या झोपेतून उठली. भिंत धरत ओट्यावर आली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तिला आधी काही उमगेना. दादा लगबगीनं उठला आणि ओला गुंता त्यानं तिच्या ओंजळीत ठेवला.

“आई, बघ, अस्सल निघाली! सगळी चांदी. तुला देवापुढचं निरांजन करू यातनं.”

“कशाची हाय?”

दादा जरवाल्याकडं वळला. वहिनी घमेलं उचलायला वाकली. मग मीच म्हणाले, “तुझी पैठणी आहे, आई.”

तिनं तो गुंता बोटांनी चाचपला, थोडा उलगडून बघायचा प्रयत्न केला. तारा पटपट तुटल्या. ती चिडली नाही, रडली नाही. तिनं दादाकडं तोंड वळवलं आणि अगदी खरोखर विचारलं, “मंग आता ह्ये मला नेसवशील कसं रं?”