खोकडाचं नाव

कागलच्या वाटेवरच्या त्या गावात खोकडं तीन प्रकारची होती. पहिलं माळावर बिळात राहायचं. मांजराहून थोडं मोठं, अंगानं किडकिडीत, शेपटीचं टोक काळं. कोल्हा तो वेगळा. कोल्हा रात्री ओरडून गावाला आपली दखल घ्यायला लावतो. खोकड उंदीर, किडे आणि पडलेली बोरं खाऊन गप राहतं. दुसरं खोकड म्हणजे भिंतीला टेकून खोकत बसलेला कुठलाही म्हातारा. 'म्हातारं खोकड' असं सुना त्याला पाठीमागं म्हणत, आणि फार झालं तर तोंडावर. तिसरं खोकड म्हणजे ज्ञानू आणि तानाबाईचा मुलगा.

तानाबाईला त्याच्या आधी दोन मुलगे झाले होते. एकाचं नाव हंबीरराव ठेवलं, दुसऱ्याचं प्रतापराव. दोघांनीही नावाला शोभेल असं काही करायच्या आत डोळे मिटले. तिसरा झाला तेव्हा सुईण बयाबाईनं सांगितलं, आता नाव असं ठेव की यमालाही उचलायची लाज वाटावी. या कामाची नावं गावात ठरलेली होती, केरबा आणि दगडू. पण गल्लीत 'दगडू' म्हणून हाक मारली की तीन-चार माना वळत. ही युक्ती एव्हाना यमालाही कळली असणार, असा तानाबाईचा अंदाज होता.

पोर सुरकुतलेलं होतं, अंगावर लव होती. बयाबाई म्हणाली, खोकडागत दिसतंय. तानाबाईला ते पटलं. संस्थानच्या शिकारखान्याचा लवाजमा गावावरून जायचा तो वाघामागं नाहीतर काळविटामागं. खोकडासाठी कुणी घोड्यावर जीन टाकल्याचं ऐकिवात नव्हतं. यमाचा रुबाब त्याहून कमी कशाला असेल?

पुढं गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली. गाव उठून माळावर खोपी घालून राहिलं, खऱ्या खोकडांच्या शेजाराला. साथ सरल्यावर परतताना गल्लीतला एक केरबा आणि दोन दगडू कमी होते. खोकड मात्र वीतभर वाढून घरी आलं. तेव्हापासून त्या नावाबद्दल तानाबाईचं मत पक्कं झालं, आणि ते बदलेल इतकं शिकलेलं माणूस पंचक्रोशीत नव्हतं.

खोकड मोठा झाला, चांगला रुंद झाला, एका हातानं गुळाची ढेप उचलू लागला. नावाचं त्याला काही वाटत नसे. हाक मारली की ओ द्यायची, एवढाच त्याचा नावाशी संबंध. वाटलं ते पेठ वडगावच्या बाळासोंना. बाळासोंचं बाजारपेठेत भुसाराचं दुकान होतं आणि हौसा नावाची लग्नाची मुलगी होती. ते मुलगा बघायला आले, शेत बघितलं, बैल बघितले, मुलगाही बघितला. सगळं पसंत पडलं. मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी एकच अट घातली. लग्नाआधी मुलाचं नाव बदलायचं. त्यांची लेक खोकडाची बायको म्हणून बाजारात ओळखली जाणार नव्हती.

ज्ञानूला अट क्षुल्लक वाटली. बैठकीतल्या जाणत्यांनी लगेच नावं सुचवायला सुरुवात केली, आणि कुणीतरी नेमकं 'प्रतापराव' म्हणालं.

आतल्या दाराशी तानाबाई उभी होती. ते तिच्या गेलेल्या दुसऱ्या मुलाचं नाव होतं. चार पुरुषांत बोलायची रीत नव्हती. ती बाहेर आली.

"पोरगी लाखात एक आसंल," ती म्हणाली, "पर माझं पोरगं जित्तं ऱ्हायला पायजे. नाव हाय ते हाय. जमत नसलं तर दुसरं घर बघा."

बाळासो फेटा सावरत उठायला लागले. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आत्या चिमणाबाई आली होती. ती आत्तापर्यंत कोपऱ्यात पान कुटत होती.

"बाळ्या, बस खाली," ती म्हणाली. "तुझ्या बायकूनं तुझं नाव कवा घेतलंया?"

"न्हाय बा. कशी घील?"

"मग हौसा कशी घील? जिनं घ्यायचंच न्हाय, तिला नाव काय का असंना."

"पर लोक काय म्हणत्याल, आत्ती?"

"लोक तुला काय म्हणत्यात ते सांगू का हितं?"

बाळासोंनी ते ऐकायची इच्छा दाखवली नाही. एवढंच म्हणाले, की लग्नात उखाणा तर घ्यावा लागतोच. चिमणाबाईनं पान तोंडात टाकलं. एकदाच घ्यायचं असतं, ती म्हणाली. काढा घेतल्यागत घ्यायचं.

तरी 'निदान राव तरी लावा' असा हट्ट बाळासोंनी धरलाच. तानाबाईला रावाचीच धास्ती होती. दोन राव तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. शेवटी तडजोड झाली. वडगावकरांनी आपल्या घरात राव लावावा, ज्ञानूच्या घरात नाही.

उंबरा कुणाच्या घरात धरायचा हे मात्र कुणी ठरवलं नाही. वरात आली, जोंधळ्यानं भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवलं, आणि बायकांनी नवरीची वाट अडवली. वडगावच्या बायका मागून 'राव लाव गं, राव' असं कुजबुजत होत्या. समोर तानाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती, कान त्या कुजबुजीकडं. हौसानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं.

"उंबऱ्यावरलं माप भरलंय जोंधळ्यानं,
वडगावची मी, मला हितं आणली खोकडानं."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. मागून एकजण म्हणाली, अगं, राव ऱ्हायला. हौसा म्हणाली, "न्हाय. हाय तेवढंच हाय त्यांचं नाव," आणि पायानं माप लवंडून आत आली.

तानाबाईनं सुनेवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मग लग्नघरात यजमानीणबाईनं कधीच करू नये ते तिनं केलं. पाहुणे जेवायचे बाकी असताना, ताशा वाजत असताना, ती जोंधळ्याच्या पोत्याला टेकली आणि गाढ झोपली. ज्ञानू उठवायला गेला. हौसानं त्याला हातानंच थांबवलं आणि वाढपाचं पातेलं स्वतः उचललं.